छावणीतील घर आणि भाडेकरू



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते कोणताही विषय शिकवताना ‘शब्द कोठून आला?’ असे प्रथम विचारीत. त्या सवयीनेच मी आज ‘छावणी’ या शब्दापासून आरंभ करतो. छावणे म्हणजे आच्छादणे, शाकारणे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यात जेथे मुक्काम पडे तेथे गवताची छपरे उभी राहत. पाऊस सरला की मुक्काम हाले. तात्पुरतेपण हे या शब्दाच्या मुळातच आहे.

इंग्रजांनी ही छावणी कायमची केली. १८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला मन्रोच्या स्वाधीन झाला आणि पुढे आपल्या गावाला लागून कॅम्प वसला. पुण्याजवळची खडकी व माळव्यातील महू याही त्याच सुमाराच्या छावण्या. लष्कर असे स्थिर झाले. परंतु त्याच्या आसऱ्याने घर बांधणारा नागरिक मात्र कायद्याच्या दृष्टीने तात्पुरताच राहिला. छावणीतील घरमालक व भाडेकरू यांचा पुढील सारा इतिहास या एका विसंगतीतून निघाला आहे, असे माझे मत आहे.

या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध कागद म्हणजे १२ सप्टेंबर १८३६ चा गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम. तो मूळचा बंगाल सैन्याच्या छावण्यांसाठी होता. छावणीत घर बांधण्याची परवानगी मिळे, पण जमिनीची मालकी सरकारकडेच राही. एक महिन्याची सूचना देऊन व परवानगीने उभारलेल्या इमारतीची किंमत मोजून सरकार ती जागा केव्हाही परत घेऊ शके. अशा जागांना पुढे ‘ओल्ड ग्रँट’ हे नाव पडले. पुण्याच्या कॅम्पातही असे बंगले आहेत. दीडशे वर्षांनंतरही हा कागद जुना झाला नाही. सागर छावणीतील एका बंगल्याच्या वादात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच हुकमाच्या आधारे जमिनीवरील सरकारचा हक्क मान्य केला.

जमीन सरकारची ठरली, पण घर तरी मालकाचे पूर्णपणे होते काय? अधिकाऱ्यांना राहावयास घरे अपुरी पडत, म्हणून १९०२ साली छावण्यांतील गृहनिवासाचा कायदा झाला आणि १९२३ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मालकाने आपले घर लष्करी अधिकाऱ्यासाठी सरकारला भाड्याने द्यावे, असे फर्मावण्याची सोय त्यात होती. रुग्णालय, शाळा, बँक, दुकान अशा उपयोगातील घरांना काही अटींवर सूट होती. एरवी मात्र मालक आणि भाडेकरू यांच्या करारात लष्कर हा तिसरा पक्ष न बोलता बसलेला असे.

भाडेकरूची बाजू मला पुस्तकातून कळण्याआधी प्रत्यक्ष कळली. १९६९ साली मी एम.ए.साठी पुण्याला होतो आणि खडकी बाजारात काकांच्या दोन खोल्यांत राहत होतो. काका दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने आपल्याला संरक्षण आहे, असे चाळीतील सगळेच धरून चालत. मुंबई उच्च न्यायालयाचे मतही त्यांना अनुकूल होते. त्याच वर्षी बराकपूर छावणीतील एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत तिसऱ्या नोंदीने छावणीतील घरांचे नियमन, भाड्याच्या नियंत्रणासह, संसदेकडे दिलेले आहे. म्हणून राज्याचा भाडेकायदा छावणीत चालू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

निकाल बंगालमधला, पण पावसाळ्यात आमच्या चाळीत नोटिसा आल्या. भाडेकायदा बाजूला सरला की उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि त्याप्रमाणे महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. काका मालकांना भेटायला गेले, तेव्हा मी बरोबर होतो. मालक दुष्ट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, ‘‘अहो, भिंती तेवढ्या माझ्या, जमीन सरकारची. उद्या मला महिन्याची सूचना आली तर मी कोणाकडे जाऊ? आज चार पैसे मिळतात ते घेऊ नयेत काय?’’ काका काही बोलले नाहीत. परत येताना एवढेच म्हणाले, ‘‘त्यांना एक महिना, आपल्याला पंधरा दिवस.’’ छावणीच्या कायद्याचे याहून नेमके वर्णन मी नंतर कोठे वाचले नाही.

वास्तविक या पेचावर उपाय आधीच होता. १९५७ साली संसदेने कायदा करून राज्यांचे भाडेकायदे अधिसूचनेद्वारे छावण्यांना लागू करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. सरकारी मालकीच्या जागा आणि १९२३ च्या कायद्याखाली ताब्यात घेतलेली घरे तेवढी त्यातून वगळली होती. महाराष्ट्रातील छावण्यांसाठी ती अधिसूचना १९६९ च्या डिसेंबरात निघाली. १९७२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आधीच्या हुकूमनाम्यांनाही आधार मिळाला. काका वाचले. पलीकडच्या खोलीतील कुटुंब मात्र दिवाळीपूर्वीच सामान टांग्यात घालून गेले होते. त्यांना आपला हक्क शाबूत होता की नव्हता, हे सांगणारा कोणी भेटला नाही. त्यांचा धाकटा मुलगा माझ्याकडे व्याकरण शिकायला येई. त्याची वही कित्येक वर्षे माझ्यापाशी होती.

मित्रहो, एका रेषेच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, हा अनुभव बेळगावकरांना नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण घर न बदलता राज्य बदलले. म्हणूनच छावणीच्या हद्दीचा दगड आपल्याला लवकर समजावा. २००६ साली छावण्यांचा नवा कायदा आला. २०२३ साली हिमाचल प्रदेशातील खास योल छावणीचा दर्जा काढून घेतला गेला आणि अन्य छावण्यांतील नागरी वस्ती नगरपालिकांकडे सोपविण्याच्या हालचाली सुरू झाल्या. हद्द हलते तेव्हा तिच्या आत राहणाऱ्याने आपला कायदा नव्याने विचारून घ्यावा, हा या इतिहासाचा धडा आहे. रेषेची बातमी मालकाच्या वकिलाला आधी कळते. भाडेकरूला ती नोटिशीतून कळते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची बालपणे कॅम्पातील भाड्याच्या खोल्यांत गेली आहेत. आजोबांच्या ट्रंकेत जुन्या भाडेचिठ्ठ्या, पावत्या, मोडीतील करारनामे असतील तर ते रद्दीत घालू नका. शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. हुकूम आणि निकाल सरकार जपते. त्यांखाली राहिलेल्या माणसांचे कागद आपणच जपले पाहिजेत.