लाल तेलाचा इतिहास : गिअरबॉक्समध्ये कोणते तेल, हा प्रश्न एवढा अवघड का झाला?

१/ शिरूर तालुक्यातील रांजणगाव म्हटले की प्रथम आठवतो तो अष्टविनायकांतील महागणपती. त्याच गावाच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील मोटार कारखाना आहे. २०१७ पासून तेथे जीप कंपास तयार होऊ लागली, आणि तिच्याबरोबर एक जुना प्रश्न नव्या रूपात पुणे-नगर रस्त्यावर आला.

२/ कंपास एकच, पण तिचे गिअरबॉक्स तीन : हाताने गिअर टाकण्याचा, पेट्रोल गाडीचा दुहेरी कोरड्या क्लचचा आणि पुढे डिझेल गाडीत आलेला नऊ गतींचा ऑटोमॅटिक. बाहेरून गाडी सारखीच दिसते. आतील तेल मात्र एकाचे दुसऱ्याला चालत नाही. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३/ कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट आणि पुढची पद्मिनी यांच्या काळात गॅरेजमध्ये फार विचार करावा लागत नसे. ‘नव्वद नंबर’ म्हटले की काम भागत असे. त्या दाट तेलाकडे मुख्यतः एकच काम होते : दाते एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये पातळ थर राखणे.

४/ अर्थात तेव्हाही एक खाचखळगा होताच. मागच्या धुरीतील हायपॉइड दात्यांवर प्रचंड दाब येतो, म्हणून त्यांच्या तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक असतात. अशी जुन्या पद्धतीची तीव्र तेले गिअरबॉक्समधील पितळी कड्या खाऊन टाकत. ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ ही वर्गवारी डब्यावर छापलेली असते ती याचसाठी. ५ हा आकडा ४ हून मोठा, म्हणून ते तेल सरस, असा तिचा अर्थ नाही.

५/ खरी गुंतागुंत अमेरिकेत सुरू झाली. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. तेथे तेल केवळ वंगण राहिले नाही. इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणे, दाबाने झडपा हलवणे, क्लचच्या चकत्या थंड ठेवणे आणि त्यांची पकड साधणे ही सारी कामे त्याच्याकडे आली.

६/ यांतील शेवटचे काम सर्वांत नाजूक. पकड कमी पडली तर चकत्या घसरून जळतात. ती एकदम बसली तर प्रत्येक गिअरला गाडी धक्का देते. म्हणजे तेल निसरडे हवे, पण मोजून निसरडे. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने यासाठी ‘टाइप ए’ हे मानक जाहीर केले. इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखू यावे म्हणून या तेलांना लाल रंग देण्याची प्रथा पडली. तो रंग केवळ ओळखीपुरता. गुणाशी त्याचा संबंध नाही.

७/ ही मोजकी निसरडी पकड कशातून साधली? स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलातून. उष्णता आणि दाब सोसण्यात त्याला तोड नव्हती. अमेरिकेतील लक्षावधी गाड्यांचे सुरळीत गिअर एका सागरी प्राण्याच्या शिकारीवर चालत होते.

८/ १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला लुप्तप्राय प्राण्यांच्या यादीत घातले आणि १९७३ च्या कायद्याने ते संरक्षण अधिक भक्कम झाले. तेलशास्त्रज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले. व्हेलविरहित ‘डेक्सरॉन-२’ आले, तर त्यातील नवी द्रव्ये तेल थंड करणाऱ्या कूलरच्या जोडांवरील डाख खाऊ लागली. मग गंजरोधक मिसळून पुन्हा सुधारणा झाली. एक घटक बदलला की सारी घडी विस्कटते, याचा हा पहिला मोठा धडा.

९/ याच काळात फोर्डने वेगळी वाट धरली होती. तिच्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण सौम्य करणारी द्रव्ये नव्हती; पकड चटकन आणि घट्ट बसे. दोन्ही तेले लाल, दोन्ही ‘ऑटोमॅटिक’ची. तरीही एकाच्या जागी दुसरे घातले तर गिअरबॉक्सचे वर्तन बदले.

१०/ पुढे ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली निरनिराळी यंत्रे जमा झाली. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा आणि पुली यांची पकड तेलाच्या थरातूनच टिकावी लागते. साधे लाल तेल तेथे घात करते. उलट २०१४ मध्ये सेलेरिओतून भारतात रुजलेली एएमटी म्हणजे मुळात हाताचाच गिअरबॉक्स. तिच्या दात्यांना गिअर ऑइल लागते, आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगळे.

११/ चूक केवळ गॅरेजवाल्याची होते असेही नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या. त्यांतील कृत्रिम तेलामुळे विद्युतपुरवठ्यात बिघाड संभवत होता, विशेषतः उष्ण व दमट हवेत. उपाय काय? महागडे कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरणे. ‘सिंथेटिक म्हणजे सरस’ हा समज कंपनीलाच मोडावा लागला.

१२/ आता पुन्हा रांजणगावकडे. कंपासचा नऊ गतींचा गिअरबॉक्स मूळ जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा. अशा गिअरबॉक्सच्या तेलाला गाड्यांचे विक्रेते सर्रास ‘आयुष्यभराचे’ म्हणतात. स्वतः झेडएफ मात्र आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावे असे सांगते. दुसऱ्या हाताची गाडी घेणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. ‘आयुष्य’ कोणाचे, गाडीचे की हमीचे, हे त्याला विचारावे लागते.

१३/ या इतिहासातून निवडीची रीत आपोआप निघते. आधी गिअरबॉक्सचा प्रकार ओळखावा, मग गाडीच्या पुस्तिकेतील मानकाचा संकेत डब्यावरील संकेताशी अक्षरशः जुळवावा. रंग, किंमत आणि ‘सर्व गाड्यांना चालते’ हा शेरा यांवर विसंबू नये. अनेक नव्या गिअरबॉक्सना तेल मोजण्याची पट्टीच नसते. ठरावीक तापमानालाच पातळी पाहावी लागते.

१४/ एक लिटर तेल बदलायला अर्धा तास लागतो. ते तेल नेमके कसे असावे हे ठरायला मात्र ऐंशी वर्षे, एका देवमाशाचा ऱ्हास आणि कित्येक जळालेले क्लच लागले. पुस्तिकेतल्या त्या चार अक्षरी संकेतात हा सारा इतिहास साठवलेला आहे. म्हणून डबा उघडण्यापूर्वी पुस्तिका उघडावी.