डालगे, खुराडे आणि तयार घर

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. शिक्षक वर्गात तिचा अर्थ सांगतात आणि मुले तो वहीत उतरवून घेतात. पण कोंबडे झाकायचे कशाने, हे विचारायचे मात्र राहून जाते. ते झाकायचे डालग्याने. बांबूच्या कामट्यांचे विणलेले, पालथे घालायचे मोठे टोपले म्हणजे डालगे. दिवेलागणीला कोंबड्या त्याखाली डालायच्या, वर एखादा दगड ठेवायचा, आणि सकाळी उचलून मोकळ्या सोडायच्या. कोंबडीचे आपल्याकडचे जुने घर ते एवढेच. राजांच्या वाड्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. आज या लहानशा घराचा थोडा इतिहास पाहू.

कोंबडी मूळची रानातली. तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज. थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणी सापडलेली हाडे इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातली असून, पाळीव कोंबडीचा आजवरचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा म्हणून २०२२ साली संशोधकांनी ती पुढे मांडली. त्यांचे म्हणणे असे, की माणसाने भात आणि भरड धान्य पिकवायला सुरुवात केली, सांडलेल्या दाण्याच्या लोभाने हा पक्षी वस्तीजवळ आला आणि मग तिथेच राहिला. आपल्या दक्षिण भारतातील करड्या रानकोंबड्याचाही या वंशात वाटा आहे. कित्येक कोंबड्यांचे पाय व कातडी पिवळी असते. तो गुण करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ सालच्या संशोधनात दिसून आले. मनुस्मृतीत निषिद्ध पदार्थांच्या यादीत ‘ग्रामकुक्कुट’ आहे. निषेध करावा लागला, याचा अर्थ गावात कोंबडी होती, आणि चांगली ओळखीची होती.

या सगळ्या काळात कोंबडीला स्वतंत्र घर असे नव्हते. दिवसा तिने उकिरडा उकरावा, किडे टिपावे, रात्री डालग्याखाली नाहीतर भिंतीतल्या खुराड्यात बसावे. खर्च नाही आणि देखरेखही नाही. अंडी घरात, आणि चार पैसे आले तर ते बहुधा घरच्या बाईच्या हाती. शेतीचा पैसा घरधन्याचा आणि अंड्याचा पैसा घरधनिणीचा, ही वाटणी पुष्कळ गावांनी पाहिली आहे. म्हणून खुराड्याची गोष्ट ही कोंबडीइतकीच त्या बाईची गोष्ट आहे.

आता जरा दूर, इंग्लंडात जाऊ. १८४० नंतरच्या काळात चीनमधून मोठ्या अंगाच्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या तिकडे गेल्या. व्हिक्टोरिया राणीने विंडसरला त्यांच्यासाठी खास घर बांधले. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, आणि हौशी लोकांना कोंबड्यांचे जणू वेडच लागले. हौस आली की तिच्यामागे धंदा येतो. त्याच्या थोडे आधी, १८३० च्या दशकात, लंडनच्या मॅनिंग नावाच्या सुताराने ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या लोकांसाठी घराचे भाग तयार करून विकायला सुरुवात केली होती. जहाजातून न्यायचे आणि तिथे जोडायचे. हीच युक्ती पुढे खुराड्याला लागली. नॉर्विच येथील बोल्टन अँड पॉल या कारखान्याने कोंबड्यांची सुटी होणारी लाकडी घरे विकली. याच कारखान्याने कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवावरील मोहिमेची झोपडीही बनवली. ती १९११ साली उभी राहिली, आणि ऊब टिकावी म्हणून तिच्या भिंतींत समुद्रातील वाळलेली वनस्पती भरली होती.

तयार खुराड्याचा जन्म असा थंडीच्या मुलखात झाला. त्याचे काम ऊब आत धरून ठेवण्याचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात अंड्यांचे रेशन आले आणि माणशी आठवड्याला एक अंडे मिळू लागले, तेव्हा लोकांनी परसात कोंबड्या पाळल्या. अंड्यांचे कूपन परत करणाऱ्यास कोंबड्यांचे खाद्य मिळे. त्या वेळी अशी लहान घरे घरोघर कामी आली. तिथे ती योग्यच होती.

पण तेच घर वर्ध्याला आणून पाहा! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही; तिच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. हवा तिशीच्या पुढे गेली की ती चोच उघडून धापा टाकू लागते. बसके छत, चारी बाजूंनी बंद फळ्या आणि वर डांबरी कागद किंवा पत्रा, म्हणजे तिच्यासाठी भट्टीच. मग बाई म्हणते, ‘आमच्या कोंबड्यांना हे घर मानवत नाही,’ आणि त्या पेटीत सरपण भरले जाते. दोष बाईचा नाही आणि कोंबडीचाही नाही. घर दुसऱ्या हवेसाठी बेतलेले आहे, एवढेच.

असा अनुभव केवळ खुराड्यापुरता नाही. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांसाठी झटपट घरे हवी होती, म्हणून दिल्लीला सरकारने तयार घरांचा कारखाना काढला. तंत्र विलायती होते. भिंतींच्या तक्त्यांना तडे गेले आणि योजना फसली. त्या वेळी हे काम ज्या आरोग्य खात्याकडे होते, त्याच्या मंत्री राजकुमारी अमृत कौर. त्यांनी कित्येक वर्षे सेवाग्रामला गांधीजींजवळ काढली होती. आणि सेवाग्रामचा धडा तर नेमका उलटा होता. १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, घर बांधायचे ठरले तेव्हा साहित्य जवळपासचे असावे आणि खर्च शंभर रुपयांच्या आत असावा, अशी गांधीजींची अट होती. माती, बांबू, कवेलू यांनी ते घर उभे राहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघही हेच सांगत होता, की हत्यार सुधारा, पण ते गावाच्या हाताला आणि गावाच्या मालाला जुळू द्या.

आश्रमात कोंबड्यांना जागा नव्हती, हे खरे. तरीसुद्धा १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहिताना गांधीजींनी मान्य केले, की कोंबड्याशिवाय दिलेल्या अंड्यातून पिल्लू होत नाही, तेव्हा दूध घेणाऱ्याने अशा अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही.

मग तयार खुराडे टाकून द्यावे काय? मुळीच नाही. डालग्यातून वारा खेळतो, पण मांजर किंवा मुंगूस ते उलथवू शकते. तयार खुराड्याला कडी आहे, अंड्यांचा कप्पा आहे, पण वारा नाही. दोघांचे गुण एकत्र करावेत. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन मोठ्या अंगावर येणार नाही. उत्तर-दक्षिण बाजूंच्या वरच्या अर्ध्या फळ्या काढून तिथे अर्ध्या इंचाची मजबूत जाळी ठोकावी. साधी कोंबडीजाळी कोंबडीला अडवते, पण मुंगसाला अडवत नाही. छतावर वीतभर अंतर सोडून तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घालावा. उन्हाळ्यात त्यावर पाणी शिंपडावे. पाय विटांवर उचलून घ्यावेत, म्हणजे पावसाळ्यात तळ कुजणार नाही. फळ्यांच्या सांध्यांत गोचिडी-पिसवा दडतात, तिथे चुना भरावा. विकणारा सहा कोंबड्या म्हणेल. आपण दर कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा मोजावी आणि मगच संख्या ठरवावी. बहुधा ती तीनवर येते. अंडी घालायचा एक कप्पा चार-पाच कोंबड्यांना पुरतो.

आणखी एक गोष्ट. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हा रोग आपल्या देशात १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून ते नाव. कितीही चांगले घर असले तरी ते या रोगाला थोपवत नाही; तिथे लसच हवी. घर आणि लस, दोन्ही मिळून कोंबडी जगते.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या मुलांना गावातली खुराडी मोजायला लावा. कशाची केली, वारा कुठून येतो, दुपारी आत किती अंश उष्णता असते, आणि अंड्यांचा पैसा कोण ठेवते, हे त्यांनी घरोघर विचारावे. भूगोल, गणित आणि इतिहास तिन्ही त्यात येतील. आणि कोणी बाहेरून तयार घर घेऊन आला, तर ते आपल्या अंगणात कसे बसवायचे, हे त्याला ती मुलेच सांगतील.