आयसीयूमध्ये रक्तदाब सतत कसा मोजतात?

गंभीर रुग्णाचा रक्तदाब प्रत्येक ठोक्याला कळावा म्हणून बहुधा मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतात. तिला 'आर्टेरियल लाइन' म्हणतात. सलाइनने भरलेल्या ट्यूबमधून रक्ताचा दाब सेन्सरपर्यंत पोहोचतो. सेन्सरमधला सिलिकॉनचा पातळ पडदा दाबामुळे किंचित वाकतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि मॉनिटरवर आकडा उमटतो. हा पिझोरेझिस्टिव्ह सेन्सर.

आकडा कशामुळे चुकतो?

• सेन्सर हृदयाच्या पातळीवर हवा. तो 10 सेंमी खाली असल्यास रक्तदाब सुमारे 7 मिमी जास्त दिसतो. वर असल्यास तेवढाच कमी.
• ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा किंवा गुठळी असल्यास वरचा रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

म्हणूनच नर्स सेन्सरची पातळी तपासतात आणि तो 'झीरो' करतात.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

कॉट स्वतःहून वर-खाली करू नका. नळीचा जोड सुटल्यास धमनीतून वेगाने रक्तस्राव होतो. ताबडतोब नर्सना बोलवा. आकडा अचानक घसरला तर 'मशीनचाच दोष असेल' असे गृहीत धरू नका. लगेच सांगा, रुग्णाला तपासूनच डॉक्टर कारण ठरवतात.