रोगकारक जनुकांचा शोध : काळपुळीचा जिवाणू काय शिकवतो

जिवाणूंच्या एकाच जातीत दोन वाण असू शकतात. एक धडधाकट गाईचा एकदोन दिवसांत बळी घेतो, तर दुसरा तिला त्याच रोगापासून वाचवणारी लस ठरतो. हा फरक ज्या जनुकांमुळे पडतो त्यांना रोगकारक जनुके म्हणतात. ती कशी शोधली जातात, हे समजून घेण्यास काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्सचा जिवाणू हे उत्तम उदाहरण आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना होणारा हा रोग महाराष्ट्रातील पशुपालक 'फाशी' या नावानेही ओळखतात. तो माणसालाही होतो.

आधी लस, मग कारण

हा रोग 'बॅसिलस अँथ्रॅसिस' या जिवाणूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. पुढे लुई पाश्चर यांनी हा जिवाणू ४२ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानात वाढवून दुबळा केला. १९३७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ओंडरस्टेपूर्ट येथे मॅक्स स्टर्न यांना कवच नसलेला, तरीही प्रतिकारशक्ती जागवणारा वाण मिळाला. त्याच्या बीजाणूंपासून केलेली लस आजही जगभर जनावरांना टोचली जाते. मात्र हे वाण निरुपद्रवी का झाले, हे पाश्चर आणि स्टर्न यांच्या काळात कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तर १९८० च्या दशकात मिळाले. या जिवाणूत मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त डीएनएची दोन स्वतंत्र वलये असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. 'पीएक्सओ१' या प्लाझ्मिडवर विषाच्या तीन घटकांची जनुके असतात : संरक्षक प्रतिजन, मारक घटक आणि सूज आणणारा घटक. पहिला घटक पेशीचे दार उघडतो आणि उरलेले दोन आत शिरून घात करतात. 'पीएक्सओ२'वरील जनुके जिवाणूभोवती कवच बांधतात, त्यामुळे शरीरातील भक्षक पेशींना तो गिळता येत नाही. दीर्घकाळ उष्णतेत वाढवल्यास पहिले प्लाझ्मिड गळून पडते. स्टर्न यांच्या वाणात दुसरे नाही. म्हणूनच स्टर्न लस विष निर्माण करते, परंतु कवचाअभावी शरीरात तग धरत नाही. तेवढ्या अवधीत जनावराचे शरीर त्या विषाला ओळखू लागते.

जनुक 'दोषी' कधी ठरते?

घातक वाणात एखादे जनुक सापडले, एवढ्यावरून ते रोगास जबाबदार ठरत नाही. स्टॅन्ली फॅल्को यांनी १९८८ मध्ये त्यासाठी कसोट्या मांडल्या. कॉख यांच्या रोगजंतूविषयक नियमांचे हे जनुकीय रूप होय. संबंधित गुणधर्म रोगकारक वाणांत आढळावा. ते जनुक निकामी केल्यावर घातकता मोजण्याइतकी घटावी. आणि जनुक पुन्हा बसवल्यावर घातकता परत यावी. यातील तिसरी पायरी महत्त्वाची आहे. जनुक निकामी करताना शेजारचे जनुकही बिघडले असेल, तर ते तिथेच उघड होते.

ही पद्धत एकेका संशयित जनुकासाठी योग्य आहे. पण संशयितच ठाऊक नसतील तर? लंडनमध्ये डेव्हिड होल्डन यांच्या गटाने १९९५ मध्ये त्यावर उपाय दिला. साल्मोनेला जिवाणूचे हजाराहून अधिक उत्परिवर्तित वाण तयार करून प्रत्येकाला डीएनएची वेगळी खूणचिठ्ठी जोडली गेली आणि ते गटागटाने उंदरांना टोचले गेले. शरीरात टिकलेल्या जिवाणूंमध्ये ज्या चिठ्ठ्या सापडल्या नाहीत, त्या वाणांत जगण्यास आवश्यक असलेले जनुक बिघडले होते. यातूनच साल्मोनेलाला शरीराच्या पेशींच्या आत तगवून ठेवणारा जनुकसमूह उजेडात आला. पुढे याच तत्त्वावर हजारो उत्परिवर्तने एकाच वेळी कोंबड्या, डुकरे आणि वासरांमध्ये तपासण्यात आली. काही जनुके सर्व यजमानांत लागतात, तर काही विशिष्ट प्राण्यातच, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यामुळे उंदरावरील निष्कर्ष वासराला जसाच्या तसा लावता येत नाही.

निदानातील सावधगिरी

काळपुळीच्या निदानासाठी दोन्ही प्लाझ्मिडवरील जनुके पीसीआर चाचणीने शोधली जातात. विषाचे जनुक आहे आणि कवचाचे नाही, असे दिसल्यास तो लशीचा वाण असू शकतो. परंतु प्लाझ्मिड जातीची वेस ओलांडतात. आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यात चिंपांझींचे बळी घेणारा जिवाणू 'बॅसिलस सेरेयस' या जवळच्या जातीचा निघाला. त्याच्याकडे काळपुळीसारखी दोन्ही प्लाझ्मिड होती. म्हणून प्रयोगशाळा गुणसूत्रावरील खूणही तपासतात.

जिवाणूची ओळख आणि त्याची घातकता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर चुकले तर साथीचा माग चुकतो. दुसऱ्याचे चुकले तर लशीच्या निरुपद्रवी वाणासाठी कळपावर निर्बंध येऊ शकतात, किंवा खरा घातक वाण नजरेआड राहतो.