जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील खाणी: कॅरॅव्हॅनने कसे पाहाल?

झोपण्याची जागा, छोटे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असलेल्या गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कोकणात अशी गाडी बहुधा किनाऱ्याकडे वळते. मात्र मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरीहून दक्षिणेला गेल्यास खाणींची एक वेगळीच वाट सापडते. त्यातील बरीचशी ठिकाणे आज सिंधुदुर्गात आहेत. १ मे १९८१ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती.

कोलार गोल्ड फील्ड्ससारखे खाणीमुळे वसलेले शहर येथे नाही. येथे खाण गावाच्या शिवारातच असते.

वाटेत काय दिसते?

हातखंबा ते राजापूर: येथे चिरेखाणी दिसतात. जोरदार पावसाने खडकातील सिलिका झिरपून जाते, लोह व ॲल्युमिनियम मागे उरते आणि जांभा तयार होतो. ताजा जांभा कापायला मऊ असतो. हवा लागल्यावर टणक होतो. म्हणूनच कोकणातली घरे, गडगे आणि विहिरी चिऱ्यांच्या आहेत. ज्या जांभ्यात ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त, ते बॉक्साइट. त्याचे साठे उत्तरेला दापोली-मंडणगड भागात आहेत.

कासार्डे: खारेपाटण ओलांडल्यावर दख्खनचा काळा कातळ संपत जातो आणि त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. कासार्डे परिसरातील सिलिका वाळू काचेसाठी आणि ओतकामासाठी वापरली जाते.

कणकवली: शहराजवळच्या जानवली आणि वागदे येथे क्रोमाइटचे लहान साठे आहेत. क्रोमियम हे स्टेनलेस स्टीलमधील महत्त्वाचे धातुतत्त्व.

रेडी: वेंगुर्ले तालुक्यातील हे गाव लोहखनिजासाठी ओळखले जाते. खनिज शेजारच्याच बंदरातून जहाजांवर चढत असे. १९७६ मध्ये खाण परिसरात द्विभुज गणेशाची मूर्ती सापडली. आज अनेक जण रेडीला येतात ते खाणीसाठी नव्हे, या गणपतीच्या दर्शनाला.

खाणीची किंमत

खाणीने रोजगार दिला, ट्रकवाल्यांना भाडी दिली. पण डोंगर कापला की झरे, बागा आणि शेती धोक्यात येते. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये लोहखनिजाच्या खाणीत साठलेले पाणी बांध फोडून बाहेर पडले. चिखल घरांत आणि बागायतीत शिरला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातून वन्यप्राण्यांची ये-जा असल्याने तेथील खाणींचा प्रश्न न्यायालयातही गेला. ही सफर करताना दोन्ही बाजू गावकऱ्यांकडूनच ऐकाव्यात.

जाण्यापूर्वी

- पावसाळा टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.
- चालू खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही. रस्त्यावरून दिसेल तेवढेच पाहा.
- बंद खाणीतले हिरवे-निळे पाणी तलावासारखे दिसते, पण त्याला उतार नसतो. काठावरून पाय घसरला की थेट खोल पाणी. पोहायला उतरू नका, मुलांना काठापासून दूर ठेवा.
- गावातले रस्ते अरुंद आहेत. मोठी गाडी महामार्गालगत लावून रिक्षाने आत जाणे सोपे.
- मुक्कामासाठी जागामालकाला विचारा. गाडीतले सांडपाणी ओढ्यात किंवा खाणीच्या खड्ड्यात सोडू नका. हेच पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीत मुरते.