'कातारांचे किल्ले' नेमके कोणी बांधले?

दक्षिण फ्रान्समध्ये, पिरनीज पर्वतरांगेच्या अलीकडे, कोर्बिएर नावाचा डोंगराळ मुलूख आहे. चुनखडीचे उघडे कडे, त्यांच्यामधल्या खोऱ्यांत द्राक्षांचे मळे आणि मोक्याच्या कड्यांवर ढासळलेले गड, असे त्याचे रूप. त्यूशां गावाजवळचा आगिलार तर अक्षरशः द्राक्षवेलींच्या वेढ्यात उभा आहे. केरिब्यूसचा मनोरा ७२८ मीटर उंचीच्या सुळक्यावर आहे. पेरपेर्त्यूजची तटबंदी सुमारे ८०० मीटर उंचीच्या धारेवर अशी बसली आहे की कडा कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते, हे खालून कळत नाही.

पर्यटनाच्या पुस्तिकांत या सर्वांना एकच नाव आहे : 'कातार किल्ले'. रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेल्या, युद्धाने आणि चितेने संपवलेल्या पंथाचे हे शेवटचे आश्रयस्थान, अशी त्यांची ख्याती. कथा हृदयद्रावक आहे. अडचण एवढीच की आज दिसणाऱ्या बहुतेक भिंती कातारांच्या नाहीत. त्या उभारल्या, त्यांना आश्रय देणाऱ्या सरदारांचा पराभव करणाऱ्या राजसत्तेने.

'कातार' हे नावही त्यांचे स्वतःचे नव्हे. ते स्वतःला 'भले ख्रिस्ती' किंवा 'भली माणसे' म्हणवीत. हे दृश्य जग दुष्ट तत्त्वाची निर्मिती आहे, असे त्यांच्या विरोधकांनी त्यांचे मत नोंदवले आहे. त्यांचे दीक्षित मांस, अंडी, दूधदुभते वर्ज्य मानीत. मासे आणि वाइन मात्र चालत असे. हा संघटित पंथ खरोखर कितपत होता आणि चौकशी करणाऱ्या धर्मगुरूंच्या कल्पनेत कितपत, यावर इतिहासकारांत आजही तीव्र वाद आहे. तो वाद येथे बाजूला ठेवू. गडांच्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहे ते युद्ध.

जानेवारी १२०८ मध्ये पोपचा प्रतिनिधी पिएर द कास्तेलनो याचा खून झाला. तो कोर्बिएरमधल्याच फोंफ्र्वाद मठाचा भिक्षू होता. पोप इनोसंट तिसरा याने धर्मयुद्ध पुकारले. या वेळी ते ख्रिस्ती भूमीतच लढले जाणार होते. जुलै १२०९ मध्ये बेझिए शहराची कत्तल झाली, ऑगस्टमध्ये कार्कासोन पडले. उत्तरेकडचा सरदार सिमों द मोंफोर या मोहिमेचा नायक झाला आणि पुढच्या वर्षी तो कोर्बिएरमधल्या तेर्मच्या गडाखाली येऊन ठाकला.

तेर्मचा धनी रेमों द तेर्म. गडाच्या चर्चमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ उपासना झाली नव्हती, असे मोंफोरच्या बाजूचा बखरकार पिएर दे व्हो-द-सेर्ने लिहितो. लेखक पक्षपाती आहे, पण रेमोंचा भाऊ बेनुआ पुढे कातारांचा बिशप झाला, हे पाहता आरोप अगदीच निराधार नसावा. वेढा ऑगस्ट १२१० मध्ये सुरू झाला. दगड फेकणाऱ्या यंत्रांची देखरेख पॅरिसचा आर्चडीकन गियोम करीत होता. धर्मगुरू आणि यंत्रविद्या यांची ही सांगड तेव्हा कोणाला विचित्र वाटली नाही.

गडाचे आयुष्य टाक्यात असते, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना सांगावे लागत नाही. तेर्मची टाकी आटली. गिलेम द तुदेला या समकालीन कवीची नोंद मोठी विलक्षण आहे : गडावर अजून दोन-तीन महिने पुरेल इतकी वाइन होती, नव्हते ते पाणी. द्राक्षांच्या मुलखातला हा वेढा तहानेने निकाली निघणार, असे दिसू लागले. रेमोंने शरण येण्याची बोलणी केली, अटीही ठरल्या. त्याच रात्री धो धो पाऊस कोसळला. टाकी भरली आणि रेमोंने शब्द फिरवला.

तोच पाऊस गडाच्या मुळावर आला. साठवलेल्या पाण्याने शिबंदीत अतिसार पसरला. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्री सगळ्यांनी गुपचूप गड सोडण्याचा बेत केला. रेमों निसटलाही होता. पण काही कारणाने तो मागे फिरला आणि एका साध्या पायदळ सैनिकाच्या हाती सापडला. कार्कासोनच्या कोठडीत त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा ऑलिव्हिए तेव्हा लहान होता.

येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १२१० सालचे तेर्म म्हणजे आज डोळ्यांसमोर येतो तसा एकाकी लष्करी किल्ला नव्हता. लॅटिन कागदपत्रांत त्याला 'कास्त्रुम' म्हटले आहे : वर सरदाराचा वाडा व मनोरा, त्याला बिलगलेली घरे आणि भोवती तट. शेतकरी, विणकर, 'भली माणसे' आणि त्यांचे विरोधक एकाच वस्तीत राहत. कार्कासोनच्या उत्तरेला लास्तूर येथे उत्खननात अशाच वस्तीची घरे उघडकीस आली, आणि आज तेथे दिमाखाने दिसणारे मनोरे त्या वस्तीच्या विनाशानंतरचे आहेत. प्रसिद्ध मोंसेगूरचीही तीच गत. १६ मार्च १२४४ रोजी तेथे दोनशेहून अधिक माणसे जाळली गेली. डोंगरावर आज दिसतो तो किल्ला त्यानंतर नव्या धन्यांनी बांधला.

ऑलिव्हिए द तेर्म मोठा झाला तो सूड घेण्यासाठीच, असे वाटावे. १२४० मध्ये त्रांकाव्हेलच्या बंडात तो राजाविरुद्ध लढला. बंड फसले. पुढे त्याने लुई नववा याच्याशी समेट केला आणि १२४८ मध्ये राजाबरोबर इजिप्तच्या धर्मयुद्धावर गेला. राजाचा चरित्रकार ज्वॅनव्हिल याने आपण पाहिलेल्या अत्यंत शूर माणसांत त्याची गणना केली आहे. ज्या क्रूसाच्या नावाने बापाची जहागीर गेली, तोच क्रूस मुलाने खांद्यावर घेतला.

परत आल्यावर त्याला जे काम मिळाले ते याहून कठीण होते. केरिब्यूस अजून राजाच्या ताब्यात नव्हते. तेथे शाबेर द बार्बेरा हा जुना योद्धा होता. बिशप झालेला बेनुआ, म्हणजे ऑलिव्हिएचा सख्खा चुलता, याच गडाच्या आश्रयाने राहिला होता. १२५५ मध्ये शाबेर पकडला गेला. त्याला पकडणारा होता ऑलिव्हिए. सुटकेच्या बदल्यात शाबेरने गड सोडला. लढाई अशी झालीच नाही. कोर्बिएरमधला प्रतिकार एका जुन्या सोबत्याच्या हातून संपला.

ऑलिव्हिएला फितूर म्हणणे सोपे आहे. मात्र त्याच्यासमोर पर्याय कोणते होते, हेही पाहावे. तुलूझच्या काउंटने १२२९ मध्येच तह केला होता, अरागॉनचा राजा मदतीला येत नव्हता, आणि राजाशी जुळवून घेणाऱ्यालाच वडिलोपार्जित जमिनीचा काही भाग परत मिळत होता. तो पुन्हा पूर्वेकडे गेला आणि १२७४ मध्ये तेथेच वारला.

गड राजाला हवे होते ते पाखंडी शोधण्यासाठी नव्हे. ११ मे १२५८ रोजी लुई नववा आणि अरागॉनचा राजा जाउमे यांच्यात कोर्बेयचा तह झाला. जुने परस्परविरोधी दावे सोडून देण्यात आले आणि कोर्बिएरच्या दक्षिण अंगाने दोन राज्यांची सीमा ठरली. रातोरात हे कडे सरहद्द बनले. पेरपेर्त्यूज, केरिब्यूस, आगिलार, तेर्म आणि प्विलोरांस या पाच गडांना 'कार्कासोनचे पाच पुत्र' म्हणू लागले. कार्कासोनचा राजअधिकारी त्यांचा कारभार पाही, आणि प्रत्येक गडावर मोजकी पगारी शिबंदी असे.

ही राजाची बांधकामे ओळखू येतात. आगिलारचा जुना मनोरा मधोमध आहे आणि त्याभोवती षट्कोनी तट, प्रत्येक कोनावर बाहेर फुगलेला अर्धगोल बुरूज. बुरुजांची आतली बाजू उघडी ठेवलेली, म्हणजे शत्रूने एखादा बुरूज घेतला तरी त्याला आतून आडोसा मिळू नये. बाण मारण्याच्या जंग्या एकमेकींचा टापू झाकतील अशा बेताने काढलेल्या. पेरपेर्त्यूजवर जुन्या गडाच्या वरच्या टोकाला 'सां जोर्दी' हा संपूर्ण नवा किल्ला उठवला गेला. तेथे नेणारा, कड्यात खोदलेला जिना आजही संत लुईच्या नावाने ओळखला जातो. केरिब्यूसच्या मनोऱ्यात एकाच खांबावर तोललेले गॉथिक छत आहे. कमानींची ही शैली उत्तरेकडची. या स्थापत्यातच विजेत्यांची ओळख आहे.

१६५९ मध्ये पिरनीजच्या तहाने रूसियोंचा प्रांत फ्रान्सला मिळाला, सीमा दक्षिणेला सरकली आणि गडांचे प्रयोजन संपले. तेर्मला त्याआधीच, १६५३-५४ मध्ये, राजाज्ञेने सुरुंग लावण्यात आला होता. तो लुटारूंचा अड्डा झाला होता.

मग कातारांचे नाव कोठून चिकटले? एकोणिसाव्या शतकात नापोलेऑं पेरा या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने आल्बिजांचा, म्हणजे कातारांचा, रोमांचक इतिहास लिहिला. पुढे १९३३ मध्ये ऑटो रान या जर्मन लेखकाने मोंसेगूरशी ख्रिस्ताच्या पवित्र पेल्याची दंतकथा जोडली. तथापि कथा रुजायला जमीनही लागते, आणि ती जमीन बरीचशी द्राक्षांची होती. १९०७ मध्ये वाइनचे भाव कोसळून लांगदॉकचा शेतकरी बुडाला. उत्तरेकडच्या बीटसाखरेने बनावट वाइन तयार होते, हा त्याचा संताप होता. लाखोंच्या सभा झाल्या. जूनमध्ये नार्बोन शहरात सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. उत्तरेने दक्षिणेला लुटल्याची सातशे वर्षांपूर्वीची आठवण त्या आंदोलनात पुन्हा जागी झाली. पराभूतांचे नाव विजेत्यांच्या भिंतींवर चढले, त्यामागे हाही राग होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओद जिल्ह्याने पर्यटनासाठी 'कातारांचा देश' हे नाव उचलले तेव्हा ते लोकांच्या तोंडी केव्हाच रुळले होते.

पाच पुत्रांपैकी कातारांशी ज्याचे नाते सर्वांत घट्ट, त्या तेर्मवर आज सर्वांत कमी उरले आहे. सुरुंगाने दोन्ही तट फोडले, मनोरा तर ढिगाऱ्यातच गेला. प्रार्थनागृहाच्या एका भिंतीत क्रूसाच्या आकाराची खिडकी मात्र शाबूत आहे, आणि तिच्यातून पलीकडची दरी दिसते.