पंख्याच्या दोरीचे टोक

थंड देशातील गृहस्थाला घर उबदार कसे ठेवावे ही विवंचना असते. उष्ण देशातील गृहस्थाला ते गार कसे राहील ही. या दोन्ही विवंचनांच्या पोटी आणखी एक प्रश्न दडलेला असतो. घरातील सर्व खोल्यांची गरज सारखी नसते. मग ज्या त्या खोलीपुरते हवामान वेगळे कसे राखावे आणि ते राखण्याचे काम कोणी करावे?

युरोप-अमेरिकेत या प्रश्नाला यंत्राने उत्तर दिले. पण ते एकदम दिले नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे वॉरेन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. तेथील विद्यालयाच्या इमारतीला तळघरातून उष्णता पुरविली जाई. कोणता वर्ग फार तापला आणि कोणता गारठला हे पाहण्यासाठी शिपायाला वर्गावर्गांतून हिंडावे लागे व मग खाली जाऊन झडपा कमीअधिक कराव्या लागत. जॉन्सन यांनी १८८३ साली अशा एका विद्युत-उपकरणाचे पेटंट मिळविले, की खोलीतील तापमान ठरल्या मर्यादेबाहेर गेले म्हणजे तळघरात इशारा मिळावा. झडप मात्र शिपायानेच फिरवायची होती. पुढे झडपही आपोआप फिरू लागली. तापलेले पाणी एका मुख्य नळातून आणून तेथून खोलीखोलीला वेगळ्या शाखेने वाटावयाचे आणि प्रत्येक शाखेवर त्या त्या खोलीतील तापनियंत्रकाची सत्ता ठेवावयाची, ही आजची व्यवस्था त्याच वाटेने सिद्ध झाली.

हाच प्रश्न बंगालच्या राजधानीत उलट्या बाजूने उभा होता. कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, हे शहर उकाड्यापेक्षाही दमटपणाने माणसाला बेजार करते. उत्तर हिंदुस्थानात उन्हाळ्यात कोरडा, तापलेला वारा वाहतो. तेथे वाळ्याच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी मारले, की त्या पाण्याची वाफ होताना वाऱ्यातील उष्णता शोषली जाते आणि खोली सुगंधी गारव्याने भरून जाते. विदर्भातील घरांना हा अनुभव नवा नाही. परंतु जेथे हवा मुळातच बाष्पाने भरलेली आहे, तेथे पाण्याची वाफ होणार कशी? ताटीची विद्या कलकत्त्यात लंगडी पडे. तेथे उपाय उरे तो एकच: हवा हलती ठेवणे. अंगावरून वारा वाहिला म्हणजे घाम वाळतो आणि तेवढाच जीव सुखावतो. म्हणून तेथील घरबांधणीत दक्षिणेच्या वाऱ्याला मोठा मान असे. उंच छत, रुंद व्हरांडा, झिलमिलीची दारे हे सारे त्या वाऱ्यासाठी होते.

बर्फाचा प्रयोगही झाला. हुगळी-चिनसुऱ्याकडे हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी गोठवून बर्फ काढीत. पण तो मळकट आणि थोडा असे. मग १८३३ सालच्या मे महिन्यात बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील जवळजवळ १०० टन बर्फ शिल्लक होता. सरकारने जकात माफ केली, लोकांनी वर्गणीने बर्फघर बांधले आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी तो आणणाऱ्या रॉजर्स यांना चषक देऊन गौरविले. परंतु बर्फाने पेला गार झाला. खोली झाली नाही.

खोलीचा कारभार पंख्याकडेच राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या युरोपीय घरांतून छताला टांगलेला पंखा रूढ झाला. लांबलचक लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले कापड, खाली झालर, असे त्याचे स्वरूप. त्याची दोरी भिंतीतील छिद्रातून बाहेर जाई आणि तिचे दुसरे टोक व्हरांड्यात बसलेल्या पंखेवाल्याच्या हाती असे. ज्या खोलीत पंखा, त्या खोलीला माणूस. दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. कित्येकदा तो उताणा पडून पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून ती ओढीत राही.

या रचनेतील वैगुण्य यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. कोणत्याही नियंत्रणाला दोन गोष्टी लागतात: स्थितीची जाणीव आणि तीवर उपाय. येथे जाणीव भिंतीच्या एका बाजूला होती आणि उपाय दुसऱ्या बाजूला. वारा ज्याला मिळे त्याने दोरी ओढली नाही. दोरी ज्याने ओढली त्याला वारा मिळाला नाही. खोलीत किती उकडते हे पंखेवाल्याला कळण्याचा मार्ग एकच: आतून येणारी हाक. मध्यरात्री त्याचा डोळा लागला, की वारा थांबे, साहेब जागा होई आणि पुष्कळदा हाकेच्या पाठोपाठ शिवी, जोडा किंवा लाथही येई.

त्या लाथांचा हिशेब कधीकधी न्यायालयापर्यंत गेला. हिवतापाने पंखेवाल्याची पांथरी वाढलेली होती, ती फुटून तो मेला. मारणाऱ्याचा हेतू तसा नव्हता, असा बचाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार ऐकू येई आणि शिक्षा नाममात्र होई. हा न्याय केवळ पंखेवाल्यांच्याच वाट्याला आला असे नव्हे. आग्र्यातील फुलर नामक इंग्रज वकिलाच्या मारामुळे त्याचा मोतद्दार पांथरी फुटून मेला, तेव्हा त्याला अवघा ३० रुपये दंड झाला होता. १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालाचा जाहीर निषेध केला, तेव्हा त्यांच्यावरच इंग्रजी वृत्तपत्रांचा रोष ओढवला.

अशा स्थितीत विजेचे आगमन झाले. १८९५ साली कलकत्त्यासाठी विद्युत-प्रकाशाचा कायदा झाला आणि १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमधील वीजघर सुरू झाले. जी रचना थंड देशांत गरम पाण्याने साधली होती, ती येथे विजेने साधली. उगम एक, शाखा अनेक आणि प्रत्येक खोलीत स्वतंत्र कळ. भिंतीवरील रेग्युलेटरच्या पेटीत रोधक तारांची वेटोळी असत. खुंटी फिरविली की पंख्याचा वेग कमी होई. वाचलेल्या विजेपैकी बराचसा भाग त्या वेटोळ्यांतच उष्णता होऊन वाया जाई, हे खरे. तरीही एक मोठी गोष्ट घडली. जाणीव आणि उपाय भिंतीच्या एकाच बाजूला आले. ज्याला उकडे, त्याचाच हात खुंटीवर जाई.

त्याबरोबर ओडिशा-बिहारकडून पोटासाठी आलेल्या कितीतरी माणसांच्या हातची दोरीही सुटली. तिच्याबरोबर अपमान गेला, तशी मजुरीही गेली. नव्या यंत्राची महती सांगताना या दुसऱ्या बाजूची नोंद सहसा होत नाही.

आज वातानुकूलन यंत्रातील तापनियंत्रक माणसाच्या हाताचीही अपेक्षा ठेवीत नाही. खोलीचे तापमान तो स्वतःच जाणतो आणि यंत्र चालवितो अथवा थांबवितो. परंतु असे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून ते बाहेर टाकते, आणि स्वतःच्या श्रमाची उष्णताही तीत मिळविते. ती पडते गल्लीत, पदपथावर, शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीत. म्हणजे एके काळी पंखेवाला जेथे बसे, त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला. दोरी गेली, पण खोलीच्या गारव्याची किंमत बाहेर कोण देतो, हा प्रश्न कलकत्त्यात आणि आपल्याकडेही अजून सुटावयाचा आहे.